टेपखाली चार बोटं

त्या काळात माझ्या अंगाला महिन्यातून एकदाच दुसऱ्या माणसाचा हात लागायचा, आणि तो शिंप्याचा असायचा.

चिंचवड गावात नदीकडं उतरणाऱ्या बोळात त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी आणि दोरीवर टांगलेले अर्धे शिवलेले सदरे. पन्नासच्या दशकातली मधली वर्षं होती. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना नव्यानं उभा राहिला होता आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत लागलो होतो. बी.एस्सी., तेही एकही वर्ष न बुडवता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही केली नव्हती, वडील अंगठा उठवायचे. मी सही इंग्रजीत करायचो आणि खाली एक रेघ ओढायचो. त्या रेघेची काही गरज नव्हती, पण ओढायचो.

माझं गाव चाकणकडच्या महाळुंग्याच्या शेजारी. गावात तालीम होती, लाल मातीची, कोनाड्यात मारुती. वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी तिथं जोर काढले. आमच्या तालमीत एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपले जोर आपण मोजायचे नाहीत. प्रत्येकाला एक जोडीदार असायचा, तो समोर उभा राहून मोजायचा. तसंच आपल्या दंडाला, छातीला आपल्या हातानं दोरा लावायचा नाही. माप घ्यायचं तर दुसऱ्यानं. आपली आपल्यालाच दृष्ट लागते म्हणत. मी पुढं रसायनशास्त्र शिकलो, दृष्टबिष्ट सोडून दिली, पण हे मात्र अंगात राहिलं. स्वतःचे जोर स्वतः मोजताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

माझा जोडीदार गावचाच, माझ्याच वयाचा. चौथीनंतर त्याची शाळा सुटली आणि माझी सुटली नाही, एवढाच काय तो आमच्यातला फरक. शंभराच्या आत त्यानं मला कधी उठू दिलं नाही. नव्वदला माझे हात थरथरायला लागले की म्हणायचा, "पड की मग. पडून दाव." आणि मी पडायचो नाही.

नोकरी लागल्यावरच्या पहिल्या दिवाळीत मी गावी गेलो आणि आतून लंगोट लावून तालमीत गेलो. तो मातीत होता. मला बघून उभा राहिला, हात झटकले, कोपऱ्यातली घोंगडी आणून अंथरली.

"या साहेब. बसा."

मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हणालो, "बसतोय कशाला? जोर काढायला आलोय."

"कापडं खराब व्हतील."

"काढतोय ना कपडे."

मी मातीत उतरलो. तो समोर उभा राहिला आणि रीतीप्रमाणं मोजायला लागला. दहा, वीस. तिसाला तो थांबला.

"बास करा साहेब. दमला असाल. सवय न्हाई ऱ्हायली."

मी दमलो नव्हतो. मी तसाच हात टेकून राहिलो, तो एकतीस म्हणेल म्हणून. तो म्हणालाच नाही. मी उठलो, माती झटकली, मारुतीला नमस्कार केला आणि बाहेर आलो.

त्या दिवशी सायकलवरून परत येताना मी ठरवलं की छाती चाळीस इंच करायची. आमच्या तालमीत चाळीसची छाती झाली की माणूस भरला असं म्हणत. पुण्यात एका व्यायामशाळेची शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरायची, तिच्या स्टेजवर उभं राहायचं आणि मग त्याच्यासमोर जाऊन मातीत हात टेकायचे. मग बघू कसा तिसाला थांबतो ते.

चिंचवडात मी एका माळकरी घरात खोली घेऊन राहायचो. चिंचवड गावातल्या तालमीत एकदा डोकावलो होतो, तिथंही मला बघून पोरं बाजूला सरकली. कारखान्यात कामगार साहेब म्हणायचे, आणि पुण्यातून येणारे आमच्या प्रयोगशाळेतले लोक डबा उघडला की एका बाजूला बसायचे. त्यांनी मला कधी ऊठ म्हटलं नाही, आणि ये असंही म्हटलं नाही. तेव्हा व्यायाम करायचा तर एकट्यानं, खोलीत.

वजनं विकत घेण्याची सोय नव्हती. गावात नुकतीच पिठाची गिरणी आली होती आणि घराघरांतली जाती परसात पडली होती. मी दोन जात्यांचे वरचे दगड मिळवले, त्यांच्या भोकांतून लोखंडी नळी घातली, पाचर मारली. झालं माझं साहित्य. दगड दोन घरांचे, त्यामुळं एक जड आणि एक हलका. एक दिवस जड दगड उजवीकडं घ्यायचा, दुसऱ्या दिवशी डावीकडं. वडील एकदा कांद्याची गाडी घेऊन आले होते, तेव्हा त्यांनी ते बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"ह्यासाठी बी.एस्सी. लागती व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्यायाम आहे तो."

"आपल्याकडं मोट हाय की. बैल तेवढं थकल्यात."

पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी एक इंग्रजी तक्ता आणला होता. त्यात एक गोरा माणूस नुसत्या चड्डीवर उभा राहून वजनं उचलताना दाखवला होता, बारा चित्रांत. तो मी भिंतीला लावला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आलो तर तक्त्यावर देवाचं कॅलेंडर टांगलेलं. घरमालकीणबाईंना मी काकू म्हणायचो. काकू दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा तो उघडा माणूस मी झाकला. लेकीबाळी येतात जातात." मग पुढं रोज संध्याकाळी मी कॅलेंडर वर उचलून कोणता व्यायाम ते बघायचो आणि परत सोडायचो.

रोज म्हणजे रोज. कारखान्याचा भोंगा पाचला व्हायचा. सायकलनं घरी यायचं, भिजवलेले हरभरे आणि गूळ खायचा, दार लोटून घ्यायचं आणि सहाला सुरुवात करायची. लोक विचारतात चिकाटी कुठून येते. मला तरी ती कुठून येताना दिसली नाही. पहिले दोन महिने राग होता, तो संपला. मग नुसतं सहा वाजायचे. कधी अंगात कणकण असायची, कधी शेजारच्या देवळात भजनाचा टाळ ऐकू यायचा आणि वाटायचं जाऊन बसावं चार माणसांत. पण चार माणसांत बसलो तर सहाचे सात होतील, आणि सात झाले की उद्या आठ होतील, हे मला माहीत होतं. तसा मी चौदा महिने एकही खाडा केला नाही. ह्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नाही.

पण मोजणार कोण? जोर मी मनात मोजायचो, ओठ न हलवता, म्हणजे मोजल्यासारखं वाटू नये. छातीचं मात्र तसं करता येईना. पहिल्या महिन्याच्या शेवटी मी शिंप्याकडं गेलो आणि सदरा शिवायला टाकला. तो मराठवाड्यातून आलेला, पन्नाशीचा, एकटाच राहायचा. बायको-पोरं तिकडं गावाकडं. तो बोलायचा कमी, पण माप मोठ्यानं सांगून वहीत लिहायचा. त्यानं टेप माझ्या छातीभोवती फिरवली, पुढं धरली आणि म्हणाला, "छत्तीस."

पुढच्या महिन्यात मी परत गेलो.

"सदरा बरा नाही बसला का?"

"बसला. दुसरा शिवायचाय."

"मग माप आहे की माझ्याकडं."

"परत घ्या. वाढली असेल छाती."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "महिन्यात?"

पण घेतलं. सव्वाछत्तीस. मला त्या दिवशी बोळातून वर येताना चढ लागला नाही.

असे चार सदरे झाले. पाचव्या वेळी मी कापड घेऊन उभा राहिलो तर तो म्हणाला, "साहेब, एवढे सदरे घालायलाव कुठं? माप पाहिजे तर तसंच घेतो की." तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. चाळीस, स्टेज, जात्याचे दगड. तालमीतलं तेवढं सोडून. पिंपरी-चिंचवडात हे माहीत असलेला तो एकटाच माणूस. त्यानंतर दर महिन्याला मी पगाराच्या दुसऱ्या दिवशी जायचो, सदरा काढून उभा राहायचो. तो टेप लावायचा. टेपखाली त्याच्या हाताची चार बोटं असायची, आडवी, छातीला टेकलेली, सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेली. मला वाटायचं टेप सरळ धरायला ती घालतो. खरं सांगायचं तर मी त्या बोटांचा विचारच केला नाही. त्यांची मला सवय झाली होती. अडतीस झाली. साडेअडतीस. मग दोन महिने काहीच नाही, तेव्हा तो म्हणाला, "कापूस भिजला की एकदम नाही वाळत, राहू द्या." एकोणचाळीस. आणि चौदाव्या महिन्याला त्यानं आकडा लगेच सांगितला नाही, वहीत आधी लिहिला, मग वही माझ्यापुढं केली. चाळीस.

मी अर्ज भरला. छातीच्या रकान्यात चाळीस लिहिलं आणि खाली माझी रेघेची सही केली. शिंप्यानं स्पर्धेसाठी चड्डी शिवून दिली, तक्त्यातल्या माणसाची बघून. मी तक्ता गुंडाळून दुकानात नेला होता. म्हणाला, "मी येतो बघायला. रविवार आहे, दुकान बंदच असतंय."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये मापं घ्यायची आणि त्यातून निवडलेल्यांनी संध्याकाळी स्टेजवर यायचं असं होतं. माझ्या उंचीच्या गटाला छाती किमान अडतीस पाहिजे होती. रांगेत सगळे उघडे उभे, पुण्यातल्या तालमींची पोरं, एकमेकांच्या दंडाला चिमटे काढत. माझ्याबरोबर कोणी नव्हतं. माप घेणाऱ्याकडं लोखंडी पातीची टेप होती, गार. त्यानं ती छातीभोवती आवळली, बोटबिट काही मध्ये न घालता.

"साडेसदतीस."

मी म्हणालो, "परत बघा."

त्यानं परत बघितलं. "साडेसदतीस. श्वास सोडा म्हटलं की तेवढीही राहत नाही बऱ्याच जणांची."

टेबलाशी बसलेल्यानं माझा अर्ज काढला. "ह्यांनी चाळीस लिहिलंय."

"अडीच इंच पिंपरीला राहिले वाटतं," माप घेणारा म्हणाला. "जाऊन घेऊन या. अकराची गाडी आहे."

रांगेतली पोरं हसली. तो वाईट माणूस नव्हता, सकाळपासून मापं घेऊन कंटाळला असेल. मी सदरा घातला. मी प्रयोगशाळेत रोज मिलिग्रॅमचं वजन करणारा माणूस. तराजूच्या काचेवर श्वास पडू देत नाही. आणि माझ्या अर्जावर माझ्या सहीनिशी अडीच इंच खोटे होते.

परत गेलो असतो, पण संध्याकाळी शिंपी येणार होता आणि त्याला कळवायची काही सोय नव्हती. म्हणून दिवसभर पुण्यात फिरलो. माझ्या कॉलेजच्या कुंपणापाशी जाऊन बसलो. खिशात हरभरे होते ते खाल्ले. रविवार, त्यामुळं आत कोणी नव्हतं.

पाचला मी परत त्या शाळेच्या दारापाशी येऊन थांबलो. शिंपी आला, धुतलेलं धोतर, टोपी, काखेत पंचा. म्हणाला, "तेल लावतेत म्हणे अंगाला. पुसायला पंचा आणला."

"मला घेतलं नाही."

"का?"

"छाती कमी भरली. साडेसदतीस."

तो थोडा वेळ माझ्या छातीकडं बघत राहिला, जसा शिंपी बघतो तसा.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे? तुम्हीच चाळीस म्हणालात."

"मी सदऱ्याचं माप सांगायलो होतो की साहेब. अंगाचं माप घेऊन सदरा शिवला तर हात वर करता येतो का? चार बोटं ढिलाई ठेवावीच लागती. अडीच इंच."

"पण सदरा शिवायचाच नव्हता. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं. पण हात तसाच जातोय माझा. तीस वर्षं झाली. आणि अंगाचं माप पाहिजे असं तुम्ही कधी म्हणलाव?"

मी कधीच म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर त्यानं बोटं काढली असती. मला राग करायचा होता, पण करायला जागा सापडेना. मी म्हणालो, "आता घ्या. बोटं न घालता."

टेप त्याच्या गळ्यात उपरण्याखाली होतीच, रविवार असून. त्यानं तिथं रस्त्याच्या कडेला, सदऱ्यावरूनच, टेप आवळली. त्याची बोटं नसलेली ती टेप मला पहिल्यांदा लागत होती.

"सदऱ्याची जाडी सोडून साडेसदतीस," तो म्हणाला. आणि टेप गळ्यात टाकताना, "ढिलाई मी कमी-जास्त केली नाही बरं. पहिल्या दिवसापासून चार बोटं म्हणजे चारच."

त्यानं तिकीट काढलं होतं, दोघांचं नाही, एकच, कारण मी स्टेजवर असणार होतो. मी माझं काढलं. मागं बसून आम्ही स्पर्धा बघितली. पोरं एकेक येऊन अंग दाखवत होती, लोक शिट्ट्या घालत होते. शिंपी प्रत्येकाकडं नीट बघून माझ्या कानाशी सांगायचा. "ह्याचा डावा खांदा उतरलाय. सदरा शिवणाराला वैताग." "ह्याला तयार कापडं नाही मिळायची." पहिला आला त्याच्याबद्दल म्हणाला, "गळा नाहीच. कॉलर कुठं बसवावी?" मी हसलो नाही. नंतर वाटलं, हसायला पाहिजे होतं.

गाडीत बसल्यावर मला जे कळलं ते विज्ञानाच्या माणसाला आधीच कळायला पाहिजे होतं. तराजू रोज सारखाच चुकत असेल तर वजन चुकतं, फरक चुकत नाही. पहिल्या दिवशीचे छत्तीस म्हणजे साडेतेहतीस होते. चौदा महिन्यांत वाढलेले चार इंच खरे होते, सगळे. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग झालं की." पण मला बरं वाटलं नाही. मला चार इंच नको होते, चाळीस पाहिजे होते. चिंचवडला उतरून तो बोळाकडं गेला, मी खोलीकडं. पंचा त्याच्या काखेतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले आणि मी खाटेवर बसून राहिलो. स्पर्धेचा रविवार सोडला तर चौदा महिन्यांतला पहिला खाडा. तिसऱ्या दिवशीही तसंच. कॅलेंडर उचललं नाही. दगड कोपऱ्यात होते. व्यायाम न करता संध्याकाळ किती मोठी असते हे मला त्या दोन दिवसांत समजलं. नऊपर्यंत काय करायचं हेच कळेना.

चौथ्या दिवशी मी कारखान्यातून आलो तर काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"मग दगड का गप्प? भिंतीतनं तुमचा तो धप्प धप्प आवाज थांबला की मी भात टाकते. घड्याळ नाही आमच्यात. दोन दिवस भात उशिरा झाला, हे कावले माझ्यावर."

त्यांना बाकी काही विचारायचं नव्हतं. तांदूळ निवडून त्या आत गेल्या. मी हरभरे खाल्ले. दार लोटलं. जड दगड कोणत्या बाजूला घ्यायचा ते दोन दिवसांत विसरलो होतो, म्हणून उजवीकडं घेतला. थांबलो तेव्हा पलीकडं पातेल्याचा आवाज आला.

पुढच्या वर्षी मी स्टेजवर उभा राहिलो. छाती साडेअडतीस, अंगाची. अर्जात तेवढीच लिहिली. नंबर आला नाही. टाळ्या पडल्या, सगळ्यांना पडतात तेवढ्या. शिंपी तोवर आपल्या गावाकडं निघून गेला होता, बोळातल्या दुकानात पानवाला बसला होता. गावी मी कळवलं नव्हतं. तेल पुसायला मी स्वतःचा टॉवेल नेला होता.

तालमीत मी परत जोर काढायला गेलो नाही. जोडीदार चाकणच्या बाजारात भेटायचा, कांद्याच्या गोणीवर बसलेला असायचा. "बरं हाय का साहेब?" म्हणायचा. मी म्हणायचो, "बरं आहे." त्याच्या पोराला एकदा शाळेची पुस्तकं दिली. बाकी आमचं बोलणं झालं नाही, आणि छातीचं माप त्यानं कधी विचारलं नाही.

रीत मी मोडली. त्या वर्षापासून आपले जोर आपणच मोजतो, मोठ्यानं, म्हणजे मध्ये कुठं गाळता येत नाही. पण तिसाला आलो की अजून हात टेकून एक क्षण थांबायला होतं. खोलीत कोणी नसतं. मग मीच एकतीस म्हणतो.